सोळा रोपांची मंगळागौर

ही गोष्ट तुम्हांला पटणार नाही, पोरींनो, आधीच सांगून ठेवतो. गंगेच्या पंचगंगा घाटावर सुसरीने सकाळचं स्नान आटपून गंध लावून घेतलं, ते पटेल. हे नाही पटायचं. विद्युल्लता, तू आत्तापासून हसू नकोस. उद्या तुझ्या ईशानीताईची पहिली मंगळागौर आहे ना? मग पत्री निवडता निवडता ऐका. मी इकडे पुडकी बांधतो. तो लाल दोऱ्याचा रीळ सरकव जरा.

गेल्या वर्षीचा असाच मंगळवार. इथल्या लोकांचा सावन राखीला संपलेला, आपला मराठी श्रावण मात्र अर्धा शिल्लक. त्यामुळे मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर पत्री मांडून बसलेला एकटा गोपीनाथ, म्हणजे अस्मादिक. सकाळी एक उंच तरुण आला. बुटांना कुठल्यातरी लांबच्या मुलखाचा चिखल, आणि काखेत ओल्या गोणपाटाचं पुडकं. काळ्या लोकरीच्या जाड दोऱ्याने बांधलेलं. धरलं होतं इतकं जपून की वाटावं, आत तान्हं मूल निजलंय.

“काका, हे जरा सावलीत ठेवू का? सुकलं तर मेलो मी.”

पुडकं अस्मादिकांनी टोपल्यांमागे सावलीत ठेवून घेतलं. नाव अनिमेष. मूळचा साताऱ्याचा, नोकरी हिमालयात, एका राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या गावांमध्ये. पुडक्यात सोळा रोपं — जटामांसी, कुटकी, अतीस, अशी धुपा-औषधाची — सोळा बायकांनी आपापल्या शेतात वाढवलेली. प्रत्येक रोपाला त्या बाईच्या नावाची चिठ्ठी. या बायका आधी उद्यानाच्या कुरणांत शिरून हीच मुळं खणून विकायच्या. पोटाला दुसरं होतं काय? कुरणं बोडकी व्हायला लागली, हरणं आणखी वर सरकली. तेव्हा अनिमेषने त्यांना शब्द दिला : तुम्ही शेतात लावा, गिऱ्हाईक मी आणतो. चौकातले धूपवाले सेठजी त्या दुपारी रोपं बघणार होते. पसंत पडली तर सोळा घरं शेती करणार. नाहीतर बर्फ पडायच्या आत सगळ्याजणी पुन्हा कुदळ घेऊन कुरणात.

ऐकून अस्मादिकांचं काळीज इतकं हललं, की ताबडतोब चहाची तलफ आली.

“जरा दुकान सांभाळ,” म्हटलं. “नरहरशास्त्र्यांची मुलगी येईल. त्यांचं गोणपाटाचं पुडकं मोगऱ्याच्या टोपलीखाली आहे, तेवढं दे.” आणि अस्मादिक गल्लीच्या वळणापलीकडे चहाला गेले. पुढचं त्यांनी काही पाहिलं नाही. सगळं मागाहून ईशानीकडून कळलं.

ईशानी आली ती घाईत. झिमझिम पाऊस, एक काडी मोडलेली छत्री, कपाळाला चिकटलेली बट.

“भैया, काका किधर गए?”

“चहाला. मी आहे ना.”

मराठी उत्तर आलं तशी ती दचकली. “तुम्ही… पत्रीवाले?”

“आज सकाळपासून.”

तिने एक डहाळी उचलली. “मग सांगा, हे काय?”

“आघाडा.”

“आणि हे?”

“माका म्हणून ठेवलंय. पण हा माका नाही.”

“अहो, आमच्याकडे वर्षानुवर्षं हाच माका जातो!”

“आणि गौरीने अजून एकदाही तक्रार केली नाही? मनाने मोठी दिसते.”

हसायचं नाही असं ईशानीने ठरवलं होतं. हसण्याच्या नादात छत्री कलंडली आणि वळचणीचं सगळं पाणी त्याच्या मानेवर.

“अगं बाई! माफ करा हं… मी आज फार परेशान आहे. चुलतबहिणीची मंगळागौर, सगळी तैयारी माझ्या एकटीवर.”

“परेशान… तैयारी…” तो मान पुसत पुटपुटला. “छान आहे तुमचं मराठी.”

“टिंगल करताय?”

“छे! गंगेचं पाणी लागलंय त्याला, एवढंच.”

“आणि तुमच्या मराठीला?”

“ते थंडीने आखडलंय. तीन वर्षं डोंगरात त्याच्याशी बोलायला कुणी नाही.”

ईशानीला एरवी शब्दांची वाण नव्हती. स्थळं बघायला येत, ती दोन वाक्यांत वाटेला लावी. आज मात्र हातातली डहाळी उलटसुलट करत राहिली. तो तिच्याकडे बघत होता, आणि तसं बघता बघताच त्याने टोपलीखाली हात घातला, पुडकं काढलं, तिच्या हातात दिलं. बोटं लागली की नाही, कोण जाणे. ती तडक घराकडे निघाली. पार बालाजी घाटापर्यंत पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण भिजतोय. छत्री तिकडेच राहिली होती.

घरी चुलतबहीण तेजश्री नऊवारीत पाटावर बसलेली. नरहरशास्त्री नेहमीप्रमाणे डोळे मिटून मंत्र म्हणत होते. ईशानीने लाल दोरा सोडला, गोणपाट उलगडलं — आणि पत्री निघाली मुळांसकट! वर चिठ्ठ्या. बसंती. कलावती. हीरा. देवकी.

“हा कसला पत्रीवाला! सगळं उपटूनच आणलंय!” तिला राग यायला हवा होता. मग ओठ का हसत होते? तिच्या डोक्यात बेल होता ना दूर्वा. तिथे एक ओली मान होती. वडील म्हणाले “बिल्वपत्रं समर्पयामि”, हिने तेजश्रीच्या हातात बसंती दिली. वडील म्हणाले “अपामार्गपत्रं समर्पयामि”, हिने कलावती दिली. सोळाच्या सोळा गौरीपुढे गेली.

शेवटचं रोप वाहिलं आणि दार वाजलं. दारात अनिमेष, घर विचारत आलेला. छत्री हातात, मिटलेली, स्वतः चिंब.

“छत्री…” ती म्हणाली.

“रोपं…” तो म्हणाला.

तिकडे पायऱ्यांवर तो आपल्या पुडक्यावर पाणी मारायला गेला, तर गोणपाटात बेल आणि आघाडा! मग त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. सोळा बायका, कुरण, सेठजी. ईशानीचा चेहरा उतरला.

“बाबा, ही रोपं यांना परत द्यायला हवीत. आत्ता.”

शास्त्र्यांनी डोळे उघडले. “उत्तरपूजा उद्या सकाळी. तोवर गौरीपुढचं पान हलायचं नाही.”

“पण बाबा, सोळा घरं आहेत हो त्यांच्यामागे!”

“गौर कुणाची लेक?”

“हिमालयाची.”

“म्हणजे हे माहेरून आलंय. माहेरचं कुणी तिच्या पुढ्यातून उचलतं? ज्याला बघायचंय, त्याने इथे यावं.”

अनिमेष हतबुद्ध. ईशानी मात्र चप्पल न घालताच निघाली. गल्ल्या तुडवत चौकात गेली, आणि सेठजींना काय सांगितलं देव जाणे, तासाभरात त्यांना घेऊन हजर. सेठजींनी हात जोडले, एकेक रोप निरखलं, एकेक चिठ्ठी वाचली. मग अनिमेषकडे वळले.

“बेटा, देवी के सामने बोलो. सब खेत का है? जंगल से एक भी नहीं?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. अनिमेषने बसंतीच्या चिठ्ठीकडे पाहिलं. ईशानीला वाटलं, म्हण ना… म्हणून टाक!

“पंधरा शेतातली आहेत,” तो हळूच हिंदीत म्हणाला. “एक नाही. बसंतीचा वाफा पावसात वाहून गेला. तिने कुरणातून एक उपटून आणलं आणि रडत रडत हातात दिलं. तिची चिठ्ठी काढून टाकणं मला जमलं नाही.”

घरात पुरणाचा वास. सकाळपासून ईशानीला काही उमगत नव्हतं; आता एक गोष्ट लख्ख उमगली, आणि त्यामुळे ती आणखीच गोंधळली.

सेठजींनी वाकून बसंतीची चिठ्ठी पुन्हा वाचली. “आजवर माझ्याकडे सगळे एक जास्तच सांगून गेले,” ते म्हणाले. “एक कमी सांगणारा पहिला तूच.” माल पंधरा घरांकडून घ्यायचं ठरलं. बसंतीने पुन्हा वाफा केला की सोळाव्या घराकडूनही.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर ईशानी रोपं गोणपाटात गुंडाळत होती. बसंतीचं तिने वेगळं ठेवलं.

“हे परत कुरणात लावणार,” अनिमेष म्हणाला.

“जगेल?”

“वाटेत दर तासाला पाणी मारलं तर.”

“आणि विसरलात तर?”

“विसरतोच मी. छत्री द्यायला आलो होतो, अजून माझ्याकडेच आहे.”

“राहू द्या… आणि रोप लागलं की कळवा. मी बघायला येईन. बाबांना घेऊन. म्हणजे… भलतंसलतं काही समजू नका!”

“मग काय समजू?”

“मला तरी कुठे समजलंय!” असं म्हणून तिने ओंजळभर गंगेचं पाणी रोपावर शिंपडलं. निम्मं त्याच्यावर गेलं. यावेळी तिने माफी मागितली नाही.

तर पोरींनो, रोप लागलं. शास्त्रीबुवा धापा टाकत डोंगर चढले. वैशाखात तिथेच लग्न झालं, सोळाजणी वऱ्हाडात नाचल्या, बसंती सगळ्यांत पुढे. आणि ऐका, अंतरपाट धरला तेव्हा वरच्या कुरणातून एक कस्तुरीमृग खाली आला, भटजींच्या शेजारी उभा राहिला, आणि नाकावर अक्षता पडल्या तरी हलला नाही! अस्मादिकांनी स्वतः —

“काका, हरीण राहू द्या,” विद्युल्लता म्हणाली. तिने हातातली पत्री खाली ठेवली होती. “अनिमेषदादाचं पुडकं काळ्या लोकरीने बांधलेलं होतं. ताईने घरी सोडला तो लाल दोरा. हा, तुमच्या मांडीवरचा. म्हणजे दोरे तुम्हीच बदललेत. तुम्ही चहाला गेलाच नव्हतात!”