शुक्रवारी दिलेला हात

हिरामण म्हात्रे लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन पेणला परतला, पण पलटणीतली शिस्त काही त्याला सोडेना. मग त्याने माजी सैनिकांचे कागद सरळ करून द्यायचं काम अंगावर घेतलं. कोणाच्या डिस्चार्ज बुकात बापाचं नाव चुकलेलं, कोणाची जन्मतारीख. अशी चूक दिसली की घासात खडा आल्यासारखा तो अस्वस्थ व्हायचा.

चौऱ्याण्णवच्या थंडीत रोह्याची दीना त्याच्याकडे आली. तिचे वडील एलिजा अष्टमकर, कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांपैकी, जुने शिपाई. नजर जवळजवळ गेलेली. मुंबईच्या लष्करी इस्पितळात ऑपरेशन ठरलं आणि ऐनवेळी अडलं. बुकात ओळखीची खूण लिहिली होती, 'डाव्या हाताची करंगळी अर्धी'. एलिजाची बोटं तर सगळी शाबूत.

"ह्यो माणूस तो नव्हंच, म्हणतात," दीना म्हणाली. "उशीर झाला तर बाबांना पुन्हा कधी दिसायचं नाय, हवालदारकाका."

दुरुस्तीच्या अर्जावर डाव्या हाताच्या पाचही बोटांचे ठसे लागत. हिरामण शाईचं पॅड पिशवीत घालून शुक्रवारी दुपारच्या गाडीने निघाला. गाडी नागोठण्याला रखडली. तो एलिजाच्या घरी पोचला तेव्हा कुंडलिका नदीवरचं ऊन गेलं होतं आणि दीनाने काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावला होता.

"आता नाय जमायचं, काका," ती ओशाळून म्हणाली. "शब्बाथ लागला, आमचा विसाव्याचा दिवस. उद्या तारे दिसेपर्यंत बाबा कागदाला हात लावणार नाय. आत निजलेत. थांबा, सगुणाकडून चहा आणते. आज आमच्याकडं चूल पेटत नाय."

ती शेजारी गेली. वीज गेलेली होती. हिरामण मनातल्या मनात चरफडत ओटीवर बसला. डोळे जायची पाळी आलीय, आणि यांचा नेम काही मोडत नाही!

आतून पावलं वाजली. पाठीवर घोंगडी घेतलेला एक माणूस समोर येऊन बसला. दिवा त्याच्या मागे होता, तोंड काही दिसत नव्हतं. ओल्या लोकरीचा आणि रायफलीच्या तेलाचा वास आला. हा वास हिरामणच्या ओळखीचा होता, आणि इतक्या वर्षांनी तो या घरात कसा, असं त्याला वाटून गेलं. माणसाने न विचारताच डावा हात पुढे केला.

"घे..."

म्हातारा विरघळला म्हणायचा! हिरामणने अंधारात घाईघाईने चाचपत एकेक बोट शाईत बुडवून कागदावर टेकवलं. हात विलक्षण गार होता.

"आता माझा कागद... हाय ना?"

"हाय, काका. पक्का हाय."

"फाडू नको... हां?"

"छे हो. फाडीन कशाला?"

माणूस उठून आत गेला. दीना चहा घेऊन आली तेव्हा हिरामण खुशीत होता. "तुझ्या बाबांनी दिले की ठसे!"

"बाबांनी?" तिने कप तसाच खाली ठेवला. "आज शुक्रवारी? शक्यच नाय, काका." हिरामणने कागद दिव्याजवळ धरला, तिने वाकून पाहिलं. चार ठसे पुरते होते, पाचवा अर्धा.

"दीना," आतून घोगरा आवाज आला. "कोण आला होता गो? करंगळी अर्धी होती का त्याची?"

एलिजा खाटेवर उठून बसला होता. त्याचे हात स्वच्छ होते. तो हळूहळू बोलू लागला. नथानियल त्याच्याच आळीतला. दोघं एकाच दिवशी भरती झाले. बासष्टला चीनच्या लढाईत नथानियल बर्फात मागे राहिला आणि सापडला नाही. ना कबर, ना नावाचा दगड. घरचे कधीच इस्रायलला गेले. पलटणीतल्या कारकुनाने चुकून त्याची खूण एलिजाच्या बुकात उतरवली होती.

"मला ठावं होतं," एलिजा म्हणाला. "मीच गप्प राहिलो. त्याचं तेवढंच उरलंय, हवालदार."

"आणि तुमचे डोळे?" दीना रडू लागली. "तुम्हाला माझं तोंड कधी बघायचंच नाय का?"

शनिवारी तारे दिसल्यावर म्हाताऱ्याने डावा हात पुढे केला. पाचही ठसे पुरते उमटले. शुक्रवारचा कागद हिरामणने पुलावर फाडला आणि तुकडे कुंडलिकेत सोडले. आपण शब्द दिला होता, हे त्याला चांगलं आठवत होतं. पण असल्या गोष्टींपायी जित्या माणसाला आंधळं करायचं का? घरी येईपर्यंत त्याने स्वतःला हेच बजावलं.

दुरुस्ती मंजूर झाली. ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी दीनाने हट्टाने हिरामणलाही नेलं.

डॉक्टर पट्टी काढून बाजूला झाले. एलिजाने डोळे मिचकावले, लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि लहान पोरासारखा रडला. "किती सुकलीस गो..." केलं ते बरोबरच केलं, असं हिरामणला त्या घडीला अगदी मनापासून वाटलं.

मग एलिजाची नजर हिरामणकडे वळली आणि त्याच्या खांद्यामागे थांबली.

"नथानियल..." तो हळूच म्हणाला. "हात खाली कर, बाबा. किती वेळ पुढं धरशील?"

हिरामणने मागे वळून पाहिलं नाही. औषधांच्या वासात आता ओली लोकर मिसळली होती. त्याने मान खाली घातली. पॅड तर पेणला घरी होतं. तरी त्याच्या बुटाशेजारी पांढऱ्या फरशीवर शाईचा थेंब पडला होता, आणि तो बघत असतानाच त्याच्या बाजूला दुसरा पडला.