एक पाय जमिनीवर

डर्वलाचं लग्न सकाळीच लागलं चर्चमध्ये. दुपारी नवऱ्याच्या, कोलमनच्या घरी जेवणं उरकली, फिडल वाजायला लागलं. नवरीचा झगा मात्र हिरवागार. मेयो परगण्यात नवरी हिरवं घालत नाही. तो रंग टेकडीतल्या लोकांचा, माणसं नेणाऱ्या पऱ्यांचा.

नवऱ्याची आत्या, अट्रॅक्टा, कानाशी लागली. "अजून वेळ आहे गं. माझा निळा घाल."

"आत्याबाई, तुमची भावजय, माझी सासू, चूल सोडेना म्हणून अकरा वर्षं थांबले. आता रंगापायी थांबू?"

"बरं बाई! पण नाचताना एक पाय जमिनीवर ठेव. दोन्ही सुटले की नेतात ते."

"नेऊ देत. दोन दिवसांत हात जोडून परत आणतील!"

सगळे खदखदून हसले.

चारच्या सुमाराला पेंढेवाले आले. हे लग्नात बिनबोलावता यायचेच. गावचीच तरणी पोरं, अंगभर पेंढा, तोंड झाकणारी उंच पेंढ्याची टोपी. म्होरक्यानं नवरीला एकदा नाचवायचं आणि जायचं. ओळखलं तरी नाव घ्यायचं नाही.

म्होरक्यानं हात पुढे केला. दरवेळी म्होरक्या पॅकीच असायचा.

"पॅकी, पाय तुडवशील तर बघ," डर्वला म्हणाली.

आत्याचा चेहरा पडला. म्होरक्या हसला नाही.

हात गार होता. घरात एवढी गर्दी, एवढा घाम, तरी गार. गिरकी वाढली. खिडकीतून तिला गल्ली दिसली. पेंढा चढवलेली सात-आठ पोरं धापा टाकत येत होती. पुढे पॅकी, टोपी काखेत, पंक्चर सायकल ढकलत.

तिनं समोर बघितलं. पेंढ्यातून श्वास येत नव्हता.

तिचा उजवा पाय सुटला.

मग डावी टाच.

तिनं डाव्या पायाचा अंगठा फरशीत रुतवला. "मी येत नाही," ती दात खाऊन म्हणाली. "अकरा वर्षांनी घर मिळालंय मला. पाय पाहिजे तर पाय ने. बाई मिळायची नाही."

हात सुटला.

ते पेंढेवाले मागच्या दारानं गेले. पुढच्या दारातून पॅकी आत आला. "उशीर झाला, वहिनी! कोण नाचून गेलं आमच्या आधी?"

 डर्वलानं कोलमनला ओढलं. "चल. आता माझ्या माणसाबरोबर."

ती नाचायला लागली आणि फिडलवाल्याचा हात थांबला. सगळे तिच्या पायांकडे बघत होते.

"वाजव की रे, मेलं का कोणी?" ती ओरडली आणि उजवा पाय जोरात आपटला.

टेबलावरचे पेले हलले. पण त्या पायाचा आवाज आला नाही. तेवढा पाय टेकडीतल्यांचा झाला होता.