एक्क्याची किंमत

शुक्रवारी संध्याकाळी अनुपमा जोगेश्वरी स्टेशनाजवळच्या दुकानातून पत्त्यांचा नवा कॅट घेऊन आली. घरात एक कॅट होता, चांगला होता. पण तो मालनच्या हातचा होता.

मालन म्हणजे जयवंतची पहिली बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. जयवंत बोटीवर नोकरीला. प्रवाशांच्या खेळाच्या टेबलावर पत्ते वाटायचं त्याचं काम. सुट्टीवर आला की तो मालनला ब्लॅकजॅक शिकवायचा, आणि दोघं तहानभूक विसरून खेळत बसायची. हे शेजारच्या लताने सांगितलं होतं, तेही कौतुकाने. अनुपमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मालन जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं. मेलेल्या बाईशी माणूस भांडणार कसं?

त्यातून गळ्यात तो टाक. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक मंगळसूत्राशेजारी घालायचा, ही त्यांच्या गावची रीत. लग्नात सासूबाईंनी तो स्वतः बांधला होता आणि हळूच बजावलं होतं, "घरात नवा काय येयत, ता आधी तिका दाखव गो. मगे तू वापर." अनुपमा बी.ए. झालेली, तरी मान खाली घालून हो म्हणाली. गेले चार महिने साडी, बांगड्या, अगदी पावडरचा डबासुद्धा आधी त्या टाकाला लावून मग ती वापरत आली.

आज मात्र सासूबाई लेण्यातल्या देवीला गेल्या होत्या. अनुपमाने टाक काढून कपाटात साड्यांखाली सारला. पत्ते कुणालाही दाखवले नाहीत. हा एक खेळ तरी फक्त दोघांचा असू दे, एवढंच तिला हवं होतं.

जमिनीवर अंथरलेल्या गादीवर जयवंत मांडी घालून बसला, समोर ती. राजा, राणी, गुलाम, तिघांचे दहा-दहा, त्याने समजावलं. बाकी पानांवर जितके ठिपके तितके गुण. बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितका हात मोठा. एकवीस ओलांडले की बाद. आणखी पान हवं असेल तर गादीवर बोटं दोनदा आपटायची.

"आणि एक्का?"

"एक्का लहरी. हातात जागा असली तर अकरा. गर्दी झाली की एक."

तिला एक्का आणि छक्की आली. सतरा. तिने बोटं आपटली, नव्वी आली. जयवंत म्हणाला, आता सोळाच, एक्का खाली उतरला. का कोण जाणे, तिला ते लागलं.

इतक्यात दिवे गेले. इमारतीचा फ्यूज असेल म्हणत जयवंतने मेणबत्ती लावली. खोली एकाएकी लहान झाली. कुठून तरी सुरंगीच्या गजऱ्याचा वास येत होता... सुरंगीचा मोसम तर केव्हाच सरला होता. अनुपमाने पदर आवळून घेतला.

पुढच्या हाताला तिचे चौदा झाले. मागावं की थांबावं, ती विचारच करत होती. गादीवर दोनदा थपथप झाली. जयवंतने सत्ती टाकली. एकवीस.

"वा. बिनधास्त मागितलंस."

तिच्या दोन्ही हातांची बोटं अजून पत्त्यांवर होती. आपण चुकून आपटली असतील, तिने मनाला समजावलं.

मग आला तो हात. एक्का आणि राजा. दोन पानांत एकवीस. याच्यावर हात नाही, असं त्यानेच सांगितलं होतं. "बस," ती म्हणाली.

थप... थप.

जयवंतने पान टाकलं. बदामची राणी.

"मी नाही मागितलं," ती कुजबुजली.

"एकवीसच आहेत अजून," तो समजूत घालत म्हणाला. "फक्त एक्का आता एक धरायचा." मग त्याने आपली पानं उलटली. त्याच्याकडेही एक्का आणि दश्शी होती. "माझेही एकवीस. पण दोन पानांतले एकवीस मोठे. मध्ये तिसरं आलं की हात हलका होतो."

बोलताना तो हसत होता. पण त्याची नजर तिच्यावर नव्हती. तिच्या डाव्या खांद्याच्या थोडी पलीकडे होती. असं हसताना तिने त्याला चार महिन्यांत कधी पाहिलं नव्हतं.

दुसरी मेणबत्ती आणते म्हणून ती कशीबशी उठली. दाराशी जाऊन वळून पाहिलं. तिच्या बसण्याने गादीला पडलेला खळगा हळूहळू भरून येत होता. त्याच्याच शेजारी दुसरा खळगा होता. तो भरत नव्हता.

जयवंतने पत्ते पिसले आणि वर न बघता तिथे दोन पानं वाटली.

दार उघडं होतं, जिन्यात लताचा आवाज येत होता, एक हाक पुरली असती. पण ती दोन पानं पाहिली आणि तिच्या छातीत भीतीपेक्षाही कडू काहीतरी उसळलं. ती परत आली आणि सरळ त्या दुसऱ्या खळग्यावर बसली.

गादी कोमट होती.

जयवंतने मान वर केली. आता तो तिच्याकडेच बघत होता, अगदी तिच्या डोळ्यांत, तेच हसू घेऊन. तिने पानांवर हात ठेवला. पानं न उलटताच तिला कळलं, दोन पानांत एकवीस.

आणि तिच्या आधीच्या जागी गादी हळूच दबली.