'गिरणा' नावाने कोण बसलं होतं

कंदील जरा बारीक करा. भुताखेतांवर माझाही विश्वास नाही. पण सुकदेव माझा मावसभाऊ, आणि थापा मारायची त्याच्यात अक्कलच नव्हती.

नव्व्याण्णव साल, पोळ्याची रात्र, वार गुरुवार. सुकदेवची आई, भागामावशी, जळगावला दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत होती. तिचा एकच धोशा, रतिलालला बोलवा. आईला दहाव्याचं पाणी द्यायचं ते धाकट्याने, ही आपली रीत. आणि हा धाकटा बोटीवर नोकरीला. बोट दुबईच्या बंदरात, पहाटे निघणार, मग सहा महिने पत्ता नाही.

त्याला गाठायची एकच वाट होती. बोट बंदरात असली की दर गुरुवारी रात्री अकराला दोघे भाऊ इंटरनेटवर लिहून बोलायचे. सुकदेवने तिथे 'गिरणा' नाव घेतलं होतं. गिरणेकाठच्या भडगावची माणसं आपण, दुसरं काय सुचणार? चावट लोक छळतात म्हणून रतिलालने बाकी सगळ्या नावांना दार बंद केलं होतं.

जळगावातच, पिंप्राळ्यात, शालिग्रामचं इंटरनेटचं दुकान होतं. त्याला पोळ्याला गावी जायचं होतं. "भाऊ, बाहेरून कुलूप लावतो, नाहीतर पोलीस विचारतात. पहाटे उघडतो," तो म्हणाला. सुकदेव म्हणाला, लाव.

पावणेअकराला मावशी गेली. उशाशी मी एकटाच होतो, सोडून जाता येईना. सुकदेवला कळवणार कसं? दुकानातली फोनची एकुलती लाइन इंटरनेटला जुंपलेली.

अकराला तिकडे त्याने नाव टाकलं. पडद्यावर आलं, हे नाव वापरात आहे.

तो घाबरला नाही. लाइन तुटली की जुनं नाव सर्व्हरवर अडकून राहतं आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप सुटतं, हे त्याला ठाऊक होतं. पाच झाली. दहा झाली. मग त्याने पासवर्ड देऊन ते नाव हुसकायला पाहिलं. चुकीचा. पुन्हा दिला. चुकीचा. दुसऱ्या नावाने रतिलालला लिहिलं...

काही नाही.

शेवटी त्याने 'गिरणा'लाच विचारलं, "कोण शे?"

पडद्यावर ओळ उमटली.

"थांब. मी बोली राहिनी." बोलतेय म्हणे, म्हणजे बाईमाणूस.

सुकदेव उठला. शटरवर मुठी आपटल्या. गल्लीत चिटपाखरू नाही, जो तो आपापल्या गावी. परत येऊन त्याने लिहिलं, "माले भाऊशी बोलू दे."

"बस."

तो बसला... उजाडेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून आलो, तर ओट्यावर बॅग घेऊन रतिलाल.

"तूच लिखं ना भाऊ, 'माय वाट देखी राहिनी, बोटवरतून उतर'?"

'गिरणा' नावाने सुकदेवने एक अक्षर लिहिलं नव्हतं.

दहावं झालं. पाणी धाकट्यानेच दिलं. त्या रात्री सुकदेव मला घेऊन पिंप्राळ्याला गेला. शटर या वेळी उघडं ठेवलं. हजर नावांच्या यादीत 'गिरणा' अजून होतं. दहा दिवस.

त्याने लिहिलं, "माय, रतिलालनी पाणी दिधं."

नाव यादीतून गेलं. जाणाऱ्याला तिथे एखादी ओळ मागे ठेवता येते. ती मी माझ्या डोळ्यांनी वाचली.

"जास मी."

मावशीला सहीसुद्धा येत नव्हती. आणि घरातून निघताना आपल्यातली बाई 'येस', म्हणजे येते, म्हणते, पोरांनो. 'जास', जाते, असं कोणी म्हणत नाही.