एका खोलीत दोघं

अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात आमच्या लोकांसाठी घरं शोधायचं काम मी चार वर्षं करतो आहे. आमचे लोक म्हणजे भूतानमधून हाकललेले, नेपाळी बोलणारे. नेपाळच्या झापा जिल्ह्यातल्या छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत अठरा-वीस वर्षं काढून विमानाने इकडे आलेले. निर्वासितांच्या कार्यालयातून मला कागद मिळतो. त्यावर नावं, वयं आणि विमानाचा दिवस असतो. मी नावं मोजतो आणि दोनाने भागतो. इथे एका खोलीत दोन माणसं असा हिशोब आहे. भागाकार येईल तेवढ्या खोल्यांचं घर शोधायचं, एवढंच काम.

जानेवारीत खतिवडांचा कागद आला. चौदा नावं होती. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या की एवढ्यांना एक घर मिळणार नाही, दोन भाग करा, अर्धे इकडे आणि अर्धे शहराच्या दुसऱ्या टोकाला.

घरातला कर्ता पदमलाल मला छावणीपासून ओळखत होता. आमच्या झोपड्यांमध्ये तीन झोपड्यांचं अंतर होतं. निघायच्या आधी त्याने फोन केला. "दाजू, तोडू नका आम्हाला," एवढंच म्हणाला. मोठ्या भावाला आम्ही दाजू म्हणतो. त्याचं कारण मला माहीत होतं. भूतानमध्ये, चिरांगला सैनिक आले त्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ वेलदोड्याच्या शेतावरच्या खोपटात झोपायला गेला होता. घरातल्या सगळ्यांना ट्रकमध्ये बसवलं. भाऊ खोपटातच राहिला. त्याचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून खतिवडा एका छपराखाली झोपतात.

त्या कागदावर तिसरं नाव होतं धनमाया खतिवडा, पदमलालची आई, वय एक्क्याऐंशी. आईला आम्ही आमा म्हणतो. धनमायाआमाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. रतुवा नदीच्या काठी तिला जाळलं तेव्हा लाकडं रचायला मी होतो. पाऊस होता, लाकडं ओली होती. दुपारपर्यंत चिता पेटत नव्हती.

मला नवल वाटलं नाही. छावणीत तांदूळ कार्डावरच्या नावांप्रमाणे मिळायचा. नाव कमी झालं की तांदूळ कमी. म्हणून माणूस मेलं की आम्ही कळवायचो नाही. तोंडात पदर कोंबून रडायचो. मोजणीच्या दिवशी शेजारची कुणी म्हातारी शाल घेऊन त्या नावावर बसायची. मी आमच्या झोपड्यांच्या ओळीचा मुख्य होतो, मला सगळं माहीत असायचं. आमच्या ओळीत सात मेलेली माणसं जेवतात, असं आम्ही हसून म्हणायचो. पुढे परदेशी जायचे अर्ज त्याच कार्डांवरून भरले गेले आणि मेलेल्यांची नावंही त्यात उतरली. विमानाच्या वेळी ती नावं आपोआप गळून जात. माणूस आलं नाही, असा शेरा पडायचा. कुणी चौकशी करत नसे.

माझ्या अर्जावरही दोन नावं होती. माझी बायको देवीमाया भाद्रपदात काविळीने गेली, आमच्या विमानाच्या पाच आठवडे आधी. मला ते लपवता आलं नाही, कारण ती दवाखान्यात गेली. अधिकाऱ्याने कागद पुढे केला आणि तिच्या नावावर रेघ मारून सही करा म्हणाला. रेघ वाकडी येऊ नये म्हणून मी त्याच्याकडून पट्टी मागून घेतली. आपण पट्टी का मागितली, हे मला अजून कळलेलं नाही.

तर खतिवडा प्रत्यक्षात तेराच येणार होते. तेरांचं घर मला माहीत होतं. नॉर्थ हिलवर डिकार्लोबाईंचं जुनं लाकडी घर होतं. सहा खोल्या आणि माळ्यावर एक लहानशी सातवी. नगरपालिकेचा माणूस येऊन बघून गेला आणि माळ्यावर एकच माणूस झोपेल, म्हणून घरात जास्तीत जास्त तेरा, असं लिहून गेला. डिकार्लोबाई ऐंशीच्या, तिथेच मागे राहणाऱ्या. त्यांचे आईवडील इटलीहून आले होते. मला म्हणाल्या, "आम्ही अकरा भावंडं या घरात वाढलो, तेव्हा कुणी मोजत नव्हतं. पण आता तेरा म्हणजे तेरा. आणि प्रत्येक मोठ्या माणसाची सही मला कागदावर हवी." मी शब्द दिला.

विमान दुपारी उतरलं. कागदपत्रांच्या, निळ्या अक्षरांच्या पांढऱ्या पिशव्या छातीशी धरून खतिवडा दारातून बाहेर आले. पदमलाल, त्याची बायको तुलसा, दोन मुलगे, दोन सुना, लग्नाची मुलगी, सहा नातवंडं. तुलसा मला बघून म्हणाली, "दाजू, तुम्ही किती जाड झालात. इथे दगडसुद्धा फुगतात वाटतं." सगळे हसले.

त्यांच्या मागून एक म्हातारी आली. पांढरं लुगडं नेसलेली, पायात प्लास्टिकच्या सपाता, डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत ओढलेली शाल. विमानतळावरच्या माणसाने बोट फिरवून मोजलं, चौदा म्हणाला आणि कागदावर खूण केली.

मी समजलो. गळून जाऊ द्यायच्या नावावर त्यांनी कुणाला तरी बसवून आणलं होतं. एखादी निराधार म्हातारी, जिला कुणी अर्जात घेतलं नसेल. दयेचं काम होतं, पण उघड झालं तर सगळेच परत गेले असते. मी त्यांचं सामान गाडीत ठेवायला लागलो. पदमलाल माझ्याकडे बघत नव्हता.

घर मिळेपर्यंत त्यांना महामार्गाकडेच्या एका लॉजमध्ये तीन खोल्यांत ठेवलं. मी रोज सकाळी जायचो. म्हातारी मधल्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली असायची, पांढरी पिशवी मांडीवर घेऊन. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. त्या खोलीत ओल्या राखेसारखा वास यायचा. मी गरम हवेचं यंत्र बघितलं, पाइप बघितले, गालिचा उचलून बघितला. सगळं कोरडं होतं.

तुलसा ताटं वाढायची. मी मोजली, तेरा.

"आमाचं ताट?" मी विचारलं.

तुलसाने भाताचा डाव खाली ठेवला आणि नातवाचं नाक पुसायला लागली. मुलं त्या भिंतीकडे फिरकत नव्हती. सर्वांत धाकटी नात खोली ओलांडताना तिथून वळसा घालून जायची, जसं खड्ड्याला घालतात तसा.

चौथ्या दिवशी पदमलालला मी लॉजच्या मागे गाडीत बसवलं आणि विचारलं, कुणाला आणलंस.

तो काचेवरची वाफ पुसत राहिला. मग त्याने सांगितलं. छावणीतून बसमध्ये बसताना त्याने स्वतः मोजलं होतं, तेरा. काठमांडूत कार्यालयाच्या माणसाने मोजलं, चौदा. पदमलालला वाटलं चूक झाली असेल. दिल्लीत मोजलं, चौदा. न्यूयॉर्कमध्येही चौदा. तेव्हा त्याने मागे वळून बघितलं.

"सांगितलं का नाहीस?"

"मोजणाऱ्याशी वाद घालायचा?" तो म्हणाला. "चिरांगमध्ये माझ्या बापाने घातला होता. आम्ही इथलेच, नीट मोजा, म्हणाला होता. मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे." मग म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्ही लोकांनी कुणाला बसवलं. तुम्ही ओळीचे मुख्य होता ना."

मी परत वर गेलो. म्हातारीच्या सपाता दाराशी होत्या. त्यांच्यात राखाडी वाळू होती, बारीक, अभ्रकाची चमक असलेली. रतुवेच्या काठी पाय रुततात तशी. मी चिमटीत घेतली. ओली होती.

डिकार्लोबाईंना मी चौदा म्हणून बघितलं. त्या नाही म्हणाल्या. नगरपालिकेचा कागद काढून दाखवला. मी आणखी नऊ घरं बघितली. सात खोल्यांचं, चौदांना चालेल असं एकही नव्हतं. कार्यालयाने शुक्रवारची मुदत दिली. शुक्रवारी मोठा मुलगा, त्याची बायको आणि तीन मुलं शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार आणि बाकीचे इथे राहणार. हे सांगितल्यावर तुलसा रडली नाही. तिने सगळ्या पिशव्या एकत्र आणून एकमेकींना दोरीने बांधल्या.

गुरुवारी पदमलाल मला म्हणाला, "दाजू, एक नाव खोडलं तर घर मिळतं."

"हो."

"तिला तर आपणच जाळलं."

"हो."

"मग खोटं काय आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. मी कागद काढला. माझ्या पिशवीत पट्टी होती, ती नेहमीच असते. मधल्या खोलीतल्या टेबलाशी बसलो. म्हातारी माझ्या मागे, भिंतीपाशी. दुपारचे दोन वाजले होते, बर्फावरून येणारा उजेड डोळ्यांना लागत होता. शाल घसरल्याचा आवाज आला.

"चंद्रे," ती म्हणाली.

मला चंद्रे म्हणणारी एकच बाई होती, धनमायाआमा.

"तुझ्या हातून रेघ सरळ येते रे. देवीमाया सांगते."

मी वळलो नाही.

"खोड. जागा लागत नाही मग," ती म्हणाली. "पण जायचं कुठे, ते तरी सांग. तिलाही कुणी सांगितलं नाही."

मी रेघ मारली. सरळ आली.

शुक्रवारी सकाळी भिंतीपाशी कुणी नव्हतं. कुणी विचारलंही नाही. धाकटी नात त्या जागेवर जाऊन बसली आणि खेळायला लागली. दाराशी सपाता तशाच होत्या, वाळूने काठोकाठ भरलेल्या. तुलसाने त्या कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पेटीत टाकल्या आणि हात तीनदा धुतले.

दुपारी खतिवडा डिकार्लोबाईंच्या घरात गेले. सगळ्या मोठ्यांनी सह्या केल्या. तुलसा प्रत्येक खोलीत जाऊन हाका मारून आली, आवाज पोचतो का बघायला. पदमलाल जिन्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं हसतो आहे.

मी परसात गेलो. तिथे गॅरेजवर एक खोली आहे, स्वयंपाकाची चूल असलेली. डिकार्लोबाईंना ती भाड्याने द्यायची होती. मी आमच्यातल्याच दोन तरुण पोरांबरोबर राहतो आणि दिवाणखान्यात झोपतो. ही खोली मला हवी आहे, म्हणून सांगितलं. त्यांनी कागद दिला. माणसं किती, असा रकाना होता.

चार वर्षं तो रकाना मी दुसऱ्यांसाठी भरला. माझ्यासाठी भरायचा झाला तेव्हा नेहमी एक लिहिलं.

या वेळी दोन लिहिलं. खाली नावं लिहायची होती. आधी देवीमायाचं लिहिलं, माझं लिहायचं राहिलं. तेवढ्यात बाईंना कुणी हाक मारली आणि कागद तसाच त्यांच्या हातात गेला.

शनिवार-रविवार मी राहत्या घरातलं माझं सामान आवरलं. दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले विकत आणले. काय करतो आहे ते मला कळत होतं. नाही असं नाही.

सोमवारी सकाळी किल्ली आणायला गेलो. डिकार्लोबाई पायऱ्यांवर मीठ टाकत होत्या, बर्फ वितळावं म्हणून.

"किल्ली तर दिली," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"तुझ्या बायकोला. सकाळीच आली होती. बोलली नाही काही. पेन दिलं तर हसली आणि अंगठा पुढे केला."

त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला.

देवीमायाच्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा व्रण होता. चिरांगमध्ये वेलदोडे कापताना झालेला. शाईच्या ठशात त्याची पांढरी रेघ उमटायची. छावणीच्या कार्डावर वीस वर्षं मी ती बघितली होती.

कागदावर ती रेघ होती.

तिच्याखाली दुसरा अंगठा होता. झिजलेला, रेषा नसलेला. त्याच्या शाईला बारीक राखाडी कण चिकटले होते.

"आणि हा?"

"तिने हाताला धरून आणलेली म्हातारी. या थंडीत अनवाणी होती बिचारी."

गॅरेजवरच्या खिडकीला शुक्रवारी पडदा नव्हता. आता होता, आणि त्याच्या मागे चुलीचा उजेड हलत होता. जिऱ्याच्या फोडणीचा वास खालपर्यंत येत होता.

मी जिन्याकडे निघालो. डिकार्लोबाईंनी माझी बाही धरली. त्यांनी कागद पुन्हा बघितला, रकान्यावर बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं.

"एका खोलीत दोन. आकडा तूच लिहिलास," त्या म्हणाल्या. "दोघी आल्या. मग तू कुठे राहणार?"