बदकाची साखळी

नाटकवाल्यांना बोटीच्या भोंग्याचा आवाज हवा होता, म्हणून त्याने दुपारी फळीवरचं पिवळं बदक खाली काढलं. नाटकांना आवाज पुरवणं हा त्याचा धंदा. जुनी बोलकी खेळणी उघडायची, आतल्या तारा भलतीकडे जोडायच्या, की मांजर म्याव करायचं सोडून घोगऱ्या आवाजात रडू लागे. चांगल्या खेळण्यांचं वाटोळं करून पोट भरणारा माणूस, असं बायको कौतुकाने म्हणायची. तेव्हा ती हसायचीही.

बदक मात्र मुळात नाटकासाठी नव्हतं, लेकीसाठी, चिवीसाठी केलेलं होतं. त्याच्या दोन्ही पंखांवर त्याने एकेक स्क्रू बसवला होता. एकावर बाबांचं बोट, दुसऱ्यावर आईचं, आणि मधे दोघांचे हात धरून चिवी. अशी साखळी जुळली की बदक गाऊ लागे. एकाने जरी हात सोडला, तरी गप्प. चिवी हात जितका घट्ट आवळी, तितका सूर वर चढे. आवळताना नखं रुतवायची पोरगी! नखं कापू म्हटलं तर घर डोक्यावर घ्यायची.

तापाने चिवी गेली आणि त्यानंतर त्या दोघांनी एकमेकांचा हात धरला नाही. भांडण नव्हतं, पण मधली जागा तिची होती.

आज त्याने सवयीने स्क्रूवर बोट ठेवलं आणि दुसरा हात बाजूला उघडा धरला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, रोज तेच. किती दिवस खपली काढत बसणार?"

"तू एकदा तिकडे बोट ठेव. एकदाच."

"आणि नाही वाजलं, तर ते देऊन टाकायचं. कबूल?"

त्याने मान डोलावली. ती समोर बसली, बोट स्क्रूवर टेकवलं आणि तिनेही दुसरा हात बाजूला केला. दोन हातांमधे एका मुलीपुरती जागा होती.

बदक गाऊ लागलं.

खोलीत तापलेल्या धुळीचा वास पसरला. दोघंही हलली नाहीत. सूर हळूहळू चढत गेला... कुणीतरी घट्ट धरत असावं, तसा.

"घाबरलीय ती," बायको कुजबुजली. "दवाखान्यात असंच धरलं होतं तिने..."

"सोडू नकोस..."

"मी कशाला सोडू? तुम्ही सोडू नका."

खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरलं. बोटं बधिर झाली. सूर अगदी बारीक झाला, मग बदकाची बॅटरी संपली आणि खोली शांत झाली. किती वेळाने कोण जाणे, बायकोने हात वळवून तळवा पाहिला. त्यावर नखांच्या बारीक चंद्रकोरी उमटल्या होत्या. ती रडू लागली, पण हे रडणं निराळं होतं. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा सैल झाला होता.

"आली होती हो... माझा हात धरला तिने. तुमच्या हातावर उमटल्या का खुणा?"

त्याने आपल्या तळव्याकडे पाहिलं. कोरा होता, एक ओरखडाही नव्हता. रोज तिची वाट पाहणारा तो, आणि लेक आईकडे आली होती. आतून तुटला तो. पण हे बायकोला कळलं असतं, तर तिचं सुख तिथेच विझलं असतं.

"माझ्याही हातावर आहेत," तो म्हणाला.

मग त्याच्या मनात आलं, साखळी जुळल्याशिवाय बदक गात नाही. चिवीचे दोन्ही हात आईच्या हातात होते, की एकच? आपला हात कोणी धरला होता?

"बघू ना," म्हणत बायको पुढे झुकली.

तिला कोरा तळवा दिसू नये म्हणून त्याने घाईघाईने मूठ मिटली. मूठ मिटेना. मधे इवल्या बोटांसारखं काहीतरी होतं.