माधवरावांची हरकत नाही

लोणावळ्याची दुर्गपरिषद म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांची जत्रा. रेकॉर्डिंगचं काम रुचिरकडे. आठवड्याच्या आत सगळी भाषणं नेटवर, हा त्याचा शब्द. बारापैकी अकरा चढली. अडलं ते माधवरावांचं.

दंडक साधा होता. भाषणाआधी वक्त्याने कॅमेऱ्यासमोर बसून नाव सांगायचं आणि टाकायला हरकत नाही असं म्हणायचं. त्याशिवाय भाषण चढत नसे. माधवरावांच्या वेळी दुपारची जेवणं लांबली आणि घाईत रुचिर विचारायलाच विसरला. नंतर फोन करू, म्हणाला. तिसऱ्या दिवशी तळेगावात माधवराव झोपेतच गेले. रुचिर खांदा देऊन आला.

त्यांच्या पत्नीचा, शैलाकाकूंचा फोन आला. "चाळीस वर्षं गडांवरची पाण्याची टाकी शोधत हिंडले, लिहिलं काहीच नाही. दहाव्याच्या आत सगळ्यांना ऐकू दे रे."

"बघतो, काकू. पण त्यांची परवानगी घ्यायची राहिली."

"माझी घे."

परिषदेची सूत्रं अनुष्काकडे होती. ती म्हणाली, "नाही चालणार. वक्त्याचीच हवी."

दुसऱ्या सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, रुचिरने उगाच फाइल उघडली. भाषणाआधी अकरा सेकंद वाढले होते. लांबवर रिकामी खुर्ची, मागे परिषदेचा फलक, पंख्याची घरघर.

संध्याकाळी खुर्चीत माधवराव होते. चेहरा नखाएवढा, हात मांडीवर, गप्प.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. चला, अर्धं काम झालं, एवढंच त्याच्या मनात आलं.

तिसऱ्या सकाळी फाइलमध्ये कॅमेऱ्यामागून आवाज आला. त्याचाच.

"सर, नाव सांगा."

"माधवराव देवधर. टाका. हरकत नाही."

रुचिरने चहा संपवला आणि भाषण चढवलं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. "मला आता दिसत नाही नीट, नुसतं ऐकलं. परवानगी सापडली म्हणायची. बरं वाटलं रे."

"उशीर झाला, काकू."

"असू दे. भाषणात आवाज अगदी स्वच्छ आहे. पण सुरुवातीला, नाव सांगताना, एवढा चोंदलेला का येतो? सर्दी होती का त्यांना?"

"असेल."

फोन ठेवून त्याने चित्र मोठं केलं.

माधवरावांच्या नाकपुड्यांत कापूस होता.